लॅबबाहेर एक्सआरची चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हीआर किंवा एआर अ‍ॅप बनवणारे विद्यार्थी, डिझायनर, संग्रहालयांतले आणि प्रशिक्षण संस्थांतले लोक यांच्यासाठी हे पान आहे. लॅबमध्ये काम नीट चालतंय, आता ते खऱ्या लोकांच्या हातात द्यायचंय, अशा टप्प्यावर जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे घेतले आहेत.

एक्सआरमध्ये काय काय येतं? आणि ‘लॅबबाहेर’ म्हणजे नेमकं कुठे?

समोरचं जग पूर्ण झाकून दुसरं दाखवतं ते व्हीआर. समोरच्या खऱ्या दृश्यावरच चित्रं किंवा माहिती चढवतं ते एआर. ही दोन्ही आणि त्यांच्या मधलं सगळं मिळून एक्सआर. पॉल मिलग्रॅम आणि फुमिओ किशिनो यांनी १९९४ मध्ये हे सगळं एकाच सलग पट्टीवर मांडलं आणि ती मांडणी आजही कामाला येते.

लॅबबाहेर म्हणजे वापरणारा माणूस एरवी जिथे असतो तिथे: घराचा हॉल, आयटीआयची कार्यशाळा, संग्रहालयाचं दालन, किल्ल्याची वाट, रस्ता. कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये टेबल मांडून वर्गमित्रांच्या डोक्यावर हेडसेट चढवणं याला मी लॅबबाहेर म्हणत नाही. ती फक्त दार उघडं ठेवलेली लॅब.

लॅबमध्ये सगळं तपासून झालंय. मग पुन्हा बाहेर कशाला?

कारण लॅबमध्ये उजेड, फरशी, नेटवर्क, शांतता आणि समोरच्याचं लक्ष या पाच गोष्टी तुम्ही आधीच ठरवून ठेवलेल्या असतात. बाहेर त्यातली एकही तुमच्या हातात नसते.

लक्षाचंच घ्या. हेलसिंकीतल्या संशोधकांनी २००५ मध्ये मोबाइलवर वेबपेज उघडणाऱ्या लोकांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. शहरात चालता-फिरताना लोकांचं फोनवरचं सलग लक्ष ४ ते ८ सेकंदांच्या तुकड्यांत मोडत होतं. एक पान लोड होईपर्यंत काही जण आठ-आठ वेळा नजर वर उचलून आजूबाजूला बघत होते. हा अभ्यास एक्सआरचा नाही, पण फोन डोळ्यांसमोर धरून ठेवायला लावणाऱ्या प्रत्येक एआर अ‍ॅपला तो लागू पडतो. लॅबमध्ये माणूस तुमचं तीस सेकंदांचं अ‍ॅनिमेशन निमूट बघतो. दगडी पायऱ्या चढताना तो ते बघणार नाही, आणि बघू नयेच.

दुसरं उदाहरण माझ्या विशेष आवडीचं. ब्लास्ट थिअरी हा ब्रिटिश कलाकारांचा गट आणि नॉटिंगहॅम विद्यापीठाची मिक्स्ड रिअ‍ॅलिटी लॅब यांनी २००१ मध्ये शेफील्डच्या रस्त्यांवर ‘कॅन यू सी मी नाऊ?’ हा खेळ मांडला. काही धावपटू हातात छोटा संगणक आणि जीपीएस घेऊन खऱ्या रस्त्यांवर पळत होते. इंटरनेटवरचे खेळाडू त्याच शहराच्या आभासी नकाशावर पळत होते. धावपटू खेळाडूपासून ५ मीटरच्या आत पोचला की खेळाडू बाद. उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटायचं, नेटवर्क तुटायचं. लॅबमध्ये हा निव्वळ दोष ठरला असता. रस्त्यावर मात्र धावपटूंना हळूहळू कळलं की सिग्नल कुठे चांगला आणि कुठे वाईट. ही माहिती ते वॉकीटॉकीवरून एकमेकांना देऊ लागले. काही जण तर मुद्दाम सिग्नल नसलेल्या भागात थांबायचे आणि तिथून अचानक बाहेर पडून खेळाडूला गाठायचे. लोक दोषाशी कसं जुळवून घेतात, त्याचा वापर कसा करतात, हे कुठल्याही प्रश्नावलीत सापडलं नसतं.

मग लॅबचा टप्पा गाळला तर चालेल?

नाही. या प्रश्नावर मोबाइल संशोधनात वर्षानुवर्षं वाद झाला आहे. डेन्मार्कमधल्या एका गटाने २००४ मध्ये म्हटलं की बाहेर जाण्याची दगदग करून फारसं नवं हाती लागत नाही. २००६ मध्ये तिथल्याच दुसऱ्या गटाने उलट दाखवलं: बाहेर जास्त अडचणी सापडल्या आणि त्यातल्या काही लॅबमध्ये दिसल्याच नव्हत्या. मला दोघांचंही पटतं. बटण लहान आहे का, अक्षरं वाचता येतात का, फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) पडतो का, पहिल्या दोन मिनिटांत माणूस अडकतो का, हे खोलीत बसून स्वस्तात कळतं. ते न तपासता गडावर गेलात तर दिवसभर तीच एक अडचण बघत बसाल. माणूस मध्येच थांबतो कुठे, फोन खाली कधी घेतो, सोबतच्यांना काय सांगतो, दुसऱ्यांदा उघडतो का, हे मात्र बाहेरच कळतं.

किती लोक घ्यावेत?

वापरसुलभतेतल्या ठळक अडचणी शोधायला पाच जण पुरतात, हा जेकब नीलसन यांचा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो. त्याचा अर्थ इतकाच की एका प्रकारचे वापरकर्ते, एका प्रकारचं काम आणि पुन्हापुन्हा सुधारणा असेल तर पाच पुरतात. लॅबबाहेर माणसांइतकीच परिस्थितीही मोजावी लागते. एकाच मंगळवारी सकाळी दहा वाजता वीस जण घेण्यापेक्षा सकाळ, भर दुपार आणि रविवारची गर्दी अशा वेळांत विभागून बारा जण घेतले तर जास्त शिकायला मिळतं. दोन रचनांची आकडेवारीने तुलना करायची असेल तर गणित वेगळं. तेव्हा संख्या आधीच काढा, आणि बाहेर डेटा जास्त विखुरतो म्हणून लॅबपेक्षा मोठी धरा.

कोणती प्रश्नावली वापरू?

प्रचलित चार-पाच आहेत. वापरसुलभतेसाठी जॉन ब्रुक यांची सिस्टिम युझॅबिलिटी स्केल: १० विधानं, ० ते १०० गुण. हे गुण टक्के नव्हेत. ६८ च्या आसपासचा निकाल सर्वसाधारण समजला जातो. कामाचा ताण मोजायला नासा-टीएलएक्स, त्यात सहा पट्ट्या असतात. मळमळ-चक्कर यांसाठी १९९३ ची सिम्युलेटर सिकनेस प्रश्नावली, १६ लक्षणांची. ‘आपण खरंच तिथे आहोत’ असं किती वाटलं ते मोजायला प्रेझेन्सच्या प्रश्नावल्या, उदाहरणार्थ १४ प्रश्नांची आयपीक्यू.

आता यातली मेख. युसोह, स्लेटर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दहा जणांना खऱ्या ऑफिसात एक पेटी शोधायला सांगितली, आणखी दहा जणांना त्याच ऑफिसच्या आभासी प्रतिकृतीत. नंतर दोन्ही गटांना प्रेझेन्सच्या दोन प्रश्नावल्या दिल्या. खऱ्या ऑफिसात फिरलेल्यांना बरेच जास्त गुण मिळायला हवेत ना? एका प्रश्नावलीत फरक जेमतेम होता, दुसरीत लक्षणीय फरक नव्हताच. माणसं आपापल्या अनुभवाच्या संदर्भात आकडा देतात. म्हणून एका ठिकाणचे प्रेझेन्स गुण दुसऱ्या ठिकाणच्या गुणांशेजारी ठेवून तक्ता काढू नका.

माझा क्रम असा: आधी निरीक्षण, मग अ‍ॅपमधला लॉग (आपोआप होणारी नोंद), मग गप्पा, शेवटी प्रश्नावली, आणि तीही एकच. बसथांब्यावर उभ्या माणसाला चार प्रश्नावल्या देणारे संशोधक मी पाहिले आहेत. तिसरीपासून सगळी उत्तरं मधल्याच रकान्यात असतात. ज्यांना वाचायची सवय नाही किंवा चष्मा जवळ नाही, त्यांना प्रश्न तोंडी विचारा, त्यांच्या रोजच्या बोलीत, आणि उत्तर तुम्ही लिहा.

सगळेच ‘छान आहे’ म्हणतात. यावर काय करायचं?

हा आपल्याकडचा सगळ्यांत मोठा अडथळा आहे, आणि त्यावर भारतातच उत्तम अभ्यास झालाय. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात बंगळुरूमध्ये ४५० मुलाखती घेतल्या गेल्या. लोकांना दोन गोष्टी दाखवून कोणती आवडली ते विचारलं. त्यातली एक मुलाखतकारानेच बनवली आहे असं वाटलं की तीच पसंत करण्याची शक्यता सुमारे अडीच पट वाढली. मुलाखतकार परदेशी आणि सोबत दुभाषी असेल तर पाच पट. गोष्ट उघड उघड कमअस्सल असली तरी लोक तिच्याच बाजूने बोलले.

ओळखीतून आलेली, चहा घेऊन बसलेली माणसं तुमचं मन मोडणार नाहीत. त्यामुळे:

- ‘मी बनवलंय’ हे सांगू नका. शक्य असेल तर चाचणी घेणारी व्यक्ती बनवणाऱ्यांपैकी नसावी.
- ‘आवडलं का?’ हा प्रश्नच वगळा. ‘मघाशी तिथे थांबलात, तेव्हा काय झालं होतं?’ असं घडलेल्या गोष्टीवर बोट ठेवून विचारा.
- दोन पर्याय दाखवा आणि दोन्ही दुसऱ्यांचे आहेत असंच वागा.
- ‘तुमच्या सासूबाईंना हे द्यायचं झालं तर त्या कुठे अडकतील?’ स्वतःबद्दल संकोचणारी माणसं दुसऱ्याबद्दल भरभरून बोलतात, आणि बहुतेक वेळा स्वतःचीच अडचण सांगतात.

मळमळ आणि चक्कर बाहेर कशी मोजायची?

सिम्युलेटर सिकनेस प्रश्नावली लष्करी वैमानिकांच्या प्रशिक्षणातून आली. तिच्यात घाम, थकवा, डोकेदुखी अशीही लक्षणं आहेत. एप्रिलमध्ये नागपुरात कुणालाही हेडसेट न घालता ही यादी दिली तरी गुण पडतील. मग आधी एकदा आणि नंतर एकदा विचारून फरक काढावा, हे सुचतंच. पण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं की आधी प्रश्नावली भरून घेतलेल्या लोकांनी नंतर जास्त त्रास नोंदवला. मळमळेल का, असं विचारल्यावर माणूस पोटाकडे लक्ष देऊ लागतो.

यावर पूर्ण समाधानकारक तोडगा नाही. बाहेर मी ० ते २० ची तोंडी पट्टी पसंत करतो; दर मिनिटाला एक आकडा विचारायचा, बस. केशवर्झ आणि हेक्ट यांनी २०११ मध्ये ती मांडली. आकडा झपाट्याने चढू लागला तर थांबा. आधी फक्त जेवण झालं का, ताप-सर्दी आहे का, गाडी लागते का, एवढं सहज बोलण्यात विचारून घ्या.

स्त्रियांना व्हीआरचा त्रास जास्त होतो असं सर्रास म्हटलं जातं. के स्टॅनी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की यातला मोठा वाटा डोळ्यांच्या बाहुल्यांमधल्या अंतराचा आहे: हेडसेटची भिंगं त्या अंतराला जुळली नाहीत की त्रास वाढतो. क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच खुणा होत्या. प्रत्येकासाठी हे अंतर मोजा, लावा आणि वहीत लिहा. हा अर्ध्या मिनिटाचा वेळ बहुतेक चाचण्यांत वाचवला जातो आणि मग निकाल ‘लिंगभेद’ म्हणून छापला जातो.

आणि चाचणी संपल्यावर लगेच कुणाला दुचाकीवर बसू देऊ नका. थोडा वेळ बसवून ठेवा, पाणी द्या.

ऊन, गर्दी, अंधार: उपकरणांचं काय होतं?

बरंच काही होतं.

उन्हापासून सुरुवात करू. हेडसेटची भिंगं आकाशाकडे करून ठेवली तर ती सूर्यप्रकाश आतल्या पडद्यावर एकवटतात आणि पडदा कायमचा जळतो. यासाठी तासभर लागत नाही. वापर झाला की झाकण किंवा कापड लगेच. बहुतेक हेडसेट ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. विदर्भातला मे महिना ४५ च्या वर जातो. फोन तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, पडदा मंद करतो, आणि तुमच्या अ‍ॅपचे झटके रचनेतला दोष वाटू लागतात. काचेतून पलीकडचं दिसणाऱ्या एआर चष्म्यांत तर भर दुपारी चित्र जवळजवळ पुसलंच जातं.

जागेचा अंदाज घेणारे कॅमेरे भिंतीवरच्या खुणा, कोपरे, पोत धरून चालतात. कोरी पांढरी भिंत, मोठी काच, आरसा, अंधारलेलं दालन आणि हलती गर्दी, यात ते गोंधळतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटच्या उजेडात हेडसेटची ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवर आहे ना, ते सेटिंगमध्ये बघा. अमेरिकेतून कुणी आणून दिलेलं उपकरण ६० वर असू शकतं.

जीपीएसला काही मीटरची चूक नेहमीची, उंच तटबंदीशेजारी ती वाढते. फोनचं होकायंत्र लोखंडाजवळ भरकटतं: रेलिंग, गाड्या आणि हो, तोफा. लोक नेमके तोफेपाशीच थांबतात, आणि तिथेच तुमचा बाण दरीकडे बोट दाखवतो. उंच कड्यावर ‘मागे सरका’ अशी सूचना देणारं अ‍ॅप चाचणीला नेऊच नका.

सोबत पॉवरबँक, स्वतःचा वाय-फाय राउटर, पुसायला कापड आणि एक जास्तीचा फोन. स्वस्त अँड्रॉइड फोनपैकी सगळ्यांवर एआरसाठी लागणारं गूगलचं एआरकोअर हे सॉफ्टवेअर चालत नाही, हे तिथे गेल्यावर कळू नये. हेडसेटमधलं रेकॉर्डिंग आणि बाहेरून घेतलेला व्हिडिओ नंतर जुळवायला सुरुवातीला एक जोरात टाळी वाजवा.

लोकांना सर्वांसमोर हेडसेट घालायला लाज वाटते. विशेषतः स्त्रियांना.

वाटणारच. डोळे झाकलेले, हात हवेत, आणि भोवती बघ्यांचं कोंडाळं. व्हीआर असेल तर आडोसा द्या आणि ओळखीची एक व्यक्ती शेजारी उभी राहू द्या. पट्टा नीट करताना डोक्याला हात लावण्याआधी विचारा, नाहीतर त्यांनाच करू द्या. स्त्रियांच्या चाचणीत मदतीला स्त्रीच असावी.

बारीक गोष्टींकडेही लक्ष द्या. अंबाड्यावर मागचा पट्टा बसत नाही. तेल लावलेल्या केसांवरून तो घसरतो. जाड चष्मा आत मावत नाही. कपाळावरचं कुंकू फोमला लागतं आणि पुढच्या व्यक्तीला ते नको असतं. धुता येणारी किंवा फेकून देता येणारी आवरणं ठेवा आणि ती समोरच बदला, म्हणजे विश्वास बसतो. आणि ज्यांनी नकार दिला त्यांचीही नोंद ठेवा. दहा जणींपैकी सहा जणी ‘नको’ म्हणून पुढे गेल्या, तर उरलेल्या चौघींच्या गुणांपेक्षा ही बातमी मोठी आहे.

घरबसल्या, लोकांच्याच हेडसेटवर चाचणी घेता येते का?

येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले अँथनी स्टीड आणि सहकारी यांनी २०१६ मध्ये असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सॅमसंग गिअर व्हीआर किंवा गूगल कार्डबोर्ड (फोन आत बसवून वापरायचे हेडसेट) ज्यांच्याकडे होतं त्यांनी अ‍ॅप उतरवून घरीच भाग घेतला, आणि आभासी जगात स्वतःचं शरीर दिसलं तर प्रेझेन्स वाढतो या परिणामाची चिन्हं तशीही दिसली. २०२० मध्ये करोनामुळे लॅब बंद पडल्या तेव्हा अनेकांना हाच मार्ग धरावा लागला.

अडचण लोकसंख्येची आहे. स्वतःचा हेडसेट असलेली मंडळी बहुधा गेम खेळणारी, शहरी, तरुण आणि पुरुष. तुमचं अ‍ॅप आशाताईंच्या प्रशिक्षणासाठी असेल तर हे लोक तुमचे वापरकर्तेच नाहीत. शिवाय खोलीत काय घडतंय ते दिसत नाही: माणूस उभा होता की पलंगावर आडवा, मध्येच दाराची बेल वाजली का. म्हणून अ‍ॅपमध्ये हेडसेट काढल्या-घातल्याची आणि फ्रेम रेटची नोंद ठेवा.

पहिल्या दिवशी सगळे भारावून जातात. ही नवलाई कधी ओसरते?

ठरावीक मुदत नाही. पण एकाच भेटीतल्या उत्साहावरून ‘शिकण्यात रस वाढला’ असा निष्कर्ष काढू नये. शाळा किंवा आयटीआय असेल तर काही आठवडे उपकरण तिथेच ठेवा आणि कुणीही आग्रह न करता ते किती वेळा बाहेर काढलं जातं ते मोजा. प्रशिक्षण असेल तर महिन्यानंतर खऱ्या यंत्रावर काम करायला द्या.

संमती आणि डेटाबद्दल काय काळजी घ्यावी?

‘नाव घेतलं नाही, म्हणजे ओळख पटणार नाही’ हे एक्सआरमध्ये खरं नाही. स्टॅनफर्डच्या २०२० मधल्या अभ्यासात ५११ जणांच्या डोक्याच्या आणि हातांच्या हालचाली होत्या. पाच मिनिटांहून कमी डेटावरून सुमारे ९५ टक्के वेळा माणूस बरोबर ओळखता आला. २०२३ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी बीट सेबर हा व्हीआर खेळ खेळणाऱ्या ५५,००० हून अधिक लोकांवर तेच केलं: १०० सेकंदांवरून ९४ टक्क्यांच्या वर. तेव्हा हालचालींच्या फाइल्स आवाजाच्या रेकॉर्डिंगइतक्याच जपा, गरज नसेल तर कच्चा डेटा साठवूच नका.

भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. संशोधनाला काही सवलती आहेत, पण त्या अटींसह. संस्थेच्या नीतिमत्ता समितीला आधी विचारा. पालकांनी सही केली तरी मुलाला स्वतंत्रपणे विचारा आणि त्याचं ‘नको’ माना. उत्पादकाने किमान वय दिलेलं असतं, तेही पाळा.

एआर हेडसेटचे कॅमेरे आजूबाजूच्यांनाही टिपतात. त्यांनी कसलीही सही केलेली नसते. पाटी लावा, आणि चित्रीकरण टाळता येत असेल तर टाळा. संरक्षित स्मारकावर जाणार असाल तर पुरातत्त्व विभागाशी लेखी बोलून घ्या. गडावरच्या रखवालदाराने तोंडी ‘चालेल’ म्हणणं पुरेसं नाही.

अहवालात काय लिहायचं?

ठिकाण, वेळ, तापमान, उजेड, गर्दी, उपकरणाचं मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती हे प्रत्येक सत्राला. चाचणी घेणारा कोण होता आणि सहभागींना तो ओळखीचा होता का. किती जणांना विचारलं, किती आले, किती अर्ध्यात गेले आणि का. सरासरी काढण्याआधी ही यादी द्या.

मोबदला द्यावा का?

द्यावा. वेळ कुणाचाच फुकट नसतो. रोजंदारीवरच्या माणसाचा तर मुळीच नाही. रक्कम आधी सांगा, आणि दोन मिनिटांत हेडसेट काढून ठेवला तरी पूर्ण देणार हेही आधीच सांगा. नाहीतर मळमळत असताना माणूस पैशांसाठी शेवटपर्यंत बसून राहतो आणि आकडा शून्य सांगतो.